लीग मध्येच थांबली तर पॉइंट टेबल कसं लावायचं? 2019-20 च्या आय-लीग फुटबॉलवरून सविस्तर उत्तर

घणसोलीत कॉलनी लीगचं काम बघणाऱ्या एका मुलाने विचारलंय: "सर, 2019-20 ची आय-लीग कोविडमुळे मध्येच थांबवली आणि 4 मॅच बाकी असताना मोहन बागानला चॅम्पियन केलं, हा बाकीच्या टीमवर अन्याय नाही का? आणि उद्या आमच्या 10 टीमच्या लीगचं असं काही झालं तर आम्ही टेबल कसं लावायचं?"

आधी पहिल्या प्रश्नाचं. नाही, बागानच्या बाबतीत अन्याय झाला नाही, आणि हे मी बागानचा फॅन म्हणून सांगत नाहीये. मी नेरुळला राहतो, नवी मुंबई आणि ठाण्यातल्या लीगची फिक्स्चर (मॅचचं वेळापत्रक) लावणं, टेबल ठेवणं, मॅच कमिशनर म्हणून रिपोर्ट लिहिणं हे काम बरीच वर्षं करतोय, त्यामुळे टेबलकडे बघायची माझी सवय थोडी वेगळी आहे. मी आधी पॉइंट बघत नाही, "मॅच खेळल्या" हा कॉलम बघतो.

तर बागान. 10 मार्च 2020 ला कल्याणीला त्यांनी आयझॉलला 1-0 हरवलं, गोल बाबा दियावाराचा, कोच किबू विकुन्या. त्या मॅचनंतर बागानचे 16 मॅचमध्ये 39 पॉइंट झाले आणि दुसऱ्या नंबरवरची टीम 16 पॉइंट मागे होती. प्रत्येक टीमच्या एकूण मॅच 20. म्हणजे बागान उरलेल्या चारही मॅच हरली असती तरी त्यांना कोणी गाठू शकत नव्हतं, हे त्याच दिवशी गणिताने ठरलं, मैदानावर, लोकांसमोर. लॉकडाऊन लागला त्याच्या दोन आठवडे नंतर. 15 मार्चची कोलकाता डर्बी आधी प्रेक्षकांशिवाय खेळवायचं ठरत होतं, मग पुढे ढकलली, आणि ती झालीच नाही. 18 एप्रिलला एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या) लीग कमिटीने सीझन तिथेच संपवायची शिफारस केली तेव्हा 110 पैकी 28 मॅच उरल्या होत्या. म्हणजे कमिटीने बागानला टायटल दिलं असं म्हणणंच चुकीचं आहे, टायटल त्यांनी आधीच जिंकलेलं होतं, कमिटीने फक्त ते मान्य केलं. ट्रॉफी हातात मिळायला मात्र ऑक्टोबर उजाडला, आणि तोपर्यंत क्लब एटीके या कोलकात्याच्याच क्लबबरोबर एकत्र येऊन आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, निघून गेलेला होता.

खरा प्रश्न बागानच्या खाली सुरू होतो. दुसरा कोण, तिसरा कोण, शेवटचा कोण, रेलिगेशन, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये जाणं, कोणाला. कमिटीने तिथे काय केलं बघ: रेलिगेशन रद्द, आणि चॅम्पियनचं बक्षीस सोडून उरलेली बक्षिसाची रक्कम बाकीच्या 10 क्लबमध्ये समान वाटायची. म्हणजे जे गणिताने पक्कं झालं होतं तेवढंच धरलं, जे पक्कं नव्हतं त्याला कोणताच नंबर चिकटवला नाही. मला हा निर्णय त्या वर्षी जगभरात झालेल्या निर्णयांमधला सगळ्यात स्वच्छ वाटतो. आता हेही खरं की आपल्याला तो सोपा गेला, कारण आय-लीग त्या सीझनपासून व्यवहारात दुसऱ्या पायरीवर गेली होती, वरची लीग आयएसएल, आणि आय-लीगमधून वर जायचा रस्ताच तेव्हा उघडला नव्हता, तो 2022-23 च्या चॅम्पियनपासून उघडला आणि पंजाब एफसी त्यातून वर गेली. वर जायचं नाही, खाली ढकलायचं नाही, मग भांडण कशावरून होणार. शिवाय आयएसएलची फायनल 14 मार्चला गोव्यात रिकाम्या स्टेडियममध्ये उरकली होती, त्यामुळे वरच्या लीगचा घोळ खाली आला नाही.

आता युरोपकडे बघ, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर खरं तिथे मिळतं. सेकंड टियरच्या, म्हणजे दुसऱ्या पायरीच्या, ज्या लीग थांबल्या त्या सगळ्या जवळजवळ एकाच ठिकाणी थांबल्या होत्या, साधारण तीन चतुर्थांश सीझन झाल्यावर. आपल्या आय-लीगच्या 110 पैकी 82 मॅच झालेल्या. हॉलंडच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये वरच्या टीमच्या 38 पैकी 29. फ्रान्सच्या लीग 2 मध्ये 38 पैकी 28. स्कॉटलंडच्या चॅम्पियनशिपमध्ये 36 पैकी 27-28. जर्मनीच्या दुसऱ्या बुंडेसलिगामध्ये 34 पैकी 25 राउंड. सीझन तेवढाच झालेला आणि निकाल प्रत्येक ठिकाणी वेगळा. कोणी वर नाही खाली नाही म्हणालं, कोणी वर पण खाली पण म्हणालं, कोणी रिकाम्या स्टेडियममध्ये पूर्ण खेळून घेतलं. त्यामुळे "किती टक्के सीझन झाला की टेबल फायनल मानायचं" हा प्रश्न लोक पहिल्यांदा विचारतात पण तो पुरेसा नाही. त्या जागेवर काय अवलंबून आहे आणि नियम कधी लिहिला, हे दोन प्रश्न त्याच्याहून मोठे आहेत.

हॉलंडचं उदाहरण मला आजही बोचतं. कॅम्बूर नावाचा क्लब, लीवार्डन शहराचा, 29 मॅचमध्ये 66 पॉइंट, पहिल्या नंबरवर. डी ग्राफस्खाप 62 वर, दुसरा. पहिले दोन थेट वर जाणार होते आणि कॅम्बूर तिसऱ्या नंबरच्या 11 पॉइंट पुढे. 24 एप्रिल 2020 ला डच फेडरेशनने जाहीर केलं की चॅम्पियन नाही, प्रमोशन नाही, रेलिगेशन नाही. त्याआधी क्लबचं मत घेतलं होतं, 16 क्लब प्रमोशन-रेलिगेशन व्हावं म्हणाले, 9 नको म्हणाले आणि 9 नी मत दिलंच नाही. मग ठरवलं फेडरेशनने. दोन्ही क्लब कोर्टात गेले, हरले. कोर्टाचं म्हणणं साधारण असं की फेडरेशनला असा निर्णय घ्यायचा अधिकार आहे. असेल अधिकार. पण कॅम्बूर पुढच्या वर्षी पुन्हा पहिली येऊन वर गेली आणि डी ग्राफस्खाप पुढच्या वर्षीही थोडक्यात राहिली, खालीच. एका क्लबचं एक वर्ष गेलं, दुसऱ्याची संधीच गेली. आणि त्या खेळाडूंना पहिल्या डिव्हिजनचा पगार, पहिल्या डिव्हिजनचं एक वर्ष, वयाच्या अठ्ठाविसाव्या-तिसाव्या वर्षी, परत थोडंच मिळतं?

मत घेण्याची जी पद्धत तिथे वापरली तिच्यावर माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. टेबल समोर असताना मत मागितलं की कोणीही नियमाला मत देत नाही, आपल्या नंबरला देतो. यात लबाडी नाही, प्रत्येक क्लबचा सेक्रेटरी आपल्या क्लबचं बघणार, ते त्याचं कामच आहे. म्हणून त्याला त्या वेळी विचारायचंच नसतं.

स्कॉटलंडमध्येही मत घेतलं, एप्रिलमध्ये, आणि एका क्लबच्या मतावरून काही दिवस सगळं अडकून पडलं, 15 एप्रिलला ठराव पास झाला. डंडी युनायटेड 14 पॉइंटनी पुढे होती, ती चॅम्पियन होऊन वर गेली, त्यावर फारसं कोणाचं म्हणणं नव्हतं. पण तळाला पार्टिक थिसल. त्यांचे 27 मॅचमध्ये 26 पॉइंट, त्यांच्या वरच्या क्वीन ऑफ द साउथचे 28 मॅचमध्ये 28. आता हे नीट बघ. पार्टिकची एक मॅच कमी झालेली, ती जिंकली असती तर त्यांचे 29 होऊन ते वर असते. पण तिथे लावली पॉइंट्स पर गेमची पद्धत, म्हणजे एकूण पॉइंट भागिले खेळलेल्या मॅच. क्वीन ऑफ द साउथ 28 भागिले 28, बरोबर 1. पार्टिक 26 भागिले 27, म्हणजे 0.96. झालं, पार्टिक तिसऱ्या टियरमध्ये. एका मॅचमध्ये सरासरी चार शतांश पॉइंटच्या फरकाने, तेही 8-9 मॅच शिल्लक असताना. मी कितीही वेळा हे गणित मांडलं तरी मला ते पटत नाही.

पॉइंट्स पर गेम म्हणजे आपण सगळे ज्याला पीपीजी म्हणतो, ती पद्धत वाईट नाही, उलट टीमच्या मॅच कमी-जास्त झालेल्या असतील तर नुसत्या पॉइंटपेक्षा कधीही बरी. इंग्लंडच्या लीग वनमध्ये, म्हणजे तिथल्या तिसऱ्या टियरमध्ये, पीटरबरो आणि वायकॉम दोघांचे 59 पॉइंट होते. पीटरबरोच्या 35 मॅच झालेल्या, वायकॉमच्या 34. नुसत्या टेबलमध्ये गोल डिफरन्सवर (केलेले वजा खाल्लेले गोल) पीटरबरो सहावी आणि वायकॉम आठवी. पीपीजी लावल्यावर वायकॉम तिसऱ्या नंबरवर गेली, पीटरबरो सातव्यावर जाऊन प्लेऑफच्या, म्हणजे वर जाणारी शेवटची टीम ठरवायच्या मॅचच्या, बाहेर पडली. मग वायकॉमने प्लेऑफ खेळून, वेम्बलीला फायनलमध्ये ऑक्सफर्डला 2-1 हरवून, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा सेकंड टियर गाठली. म्हणजे एका मॅचच्या फरकाने टेबल किती हलतं ते बघ. पण तिथे एक गोष्ट बरी झाली, वर जाणारी तिसरी टीम निदान मैदानावर ठरली. पीपीजीने दार उघडलं, आत जायचं काम वायकॉमने खेळून केलं.

पीपीजीला काय दिसत नाही ते सांगतो. उरलेल्या मॅच कोणाशी होत्या ते दिसत नाही. तुझ्या लीगचंच समज, एका टीमच्या 7 मॅच होऊन 15 पॉइंट, दुसरीच्या 6 होऊन 13. पीपीजी 2.14 आणि 2.17, दुसरी पुढे. पण दुसऱ्या टीमच्या तीन मॅच राहिल्यात त्या टेबलमधल्या वरच्या तीन टीमशी आणि पहिलीच्या दोन राहिल्यात त्या तळाच्या टीमशी, तर कोणीही डोळस माणूस सांगेल की सीझन संपताना कोण पुढे असतं. दुसरं, होम-अवे. मोठ्या लीगमध्ये एखाद्या टीमच्या होम मॅच जास्त झालेल्या असतात, म्हणून इंग्लंडमध्ये होम आणि अवेचा पीपीजी वेगवेगळा काढून मग बेरीज करावी अशीही चर्चा झाली होती. आपल्याकडे एकाच ग्राउंडवर सगळी लीग होते त्यामुळे हा प्रश्न नाही, पण त्याच्या जागी आपल्याकडे दुपारी अडीचची मॅच आणि संध्याकाळी पाचची मॅच हा प्रश्न आहे, एप्रिल-मे मध्ये खारघरच्या उघड्या ग्राउंडवर अडीचला खेळून बघितलंय त्याला कळेल मी काय म्हणतो.

फ्रान्सचं पटकन सांगतो. लोरियां 54, लान्स 53, अजाक्सियो 52, त्रुआ 51, दहा राउंड बाकी, आणि वर गेल्या पहिल्या दोन. तिसरीला एका पॉइंटने प्लेऑफसुद्धा खेळायला मिळाला नाही. मला विचारशील तर इथे प्लेऑफ ठेवायलाच हवा होता, उन्हाळ्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये का होईना. बेल्जियमने ठेवला ना. तिथे सेकंड डिव्हिजनच्या प्रमोशन फायनलचा पहिला लेग, म्हणजे दोन मॅचमधली पहिली, मार्चमध्ये झाला होता, ल्यूव्हनने 1-0 जिंकला, दुसरा लेग थेट 2 ऑगस्टला खेळवला, बियरस्कॉट 4-1 ने जिंकली. आणि शेवटी वरची लीग 18 टीमची करून दोघींनाही वर घेतलं. कोणाचं नुकसान झालं? फिक्स्चर बनवणाऱ्याचं थोडं काम वाढलं, बस.

"मग सीझन पूर्णच खेळवावा, भानगडच नको" असं म्हणणारे पण असतात. त्यांना मी ड्रेस्डनचं सांगतो. दुसरी बुंडेसलिगा मे 2020 मध्ये परत सुरू झाली, पण डायनॅमो ड्रेस्डनच्या खेळाडूंच्या टेस्ट पॉझिटिव्ह आल्या आणि सगळी टीम 14 दिवस घरात क्वारंटाइन. बाकीच्या टीम ट्रेनिंग करतायत, मॅच खेळतायत, हे घरात. बाहेर आल्यावर राहिलेल्या मॅच यांना जून महिन्यात कोंबून खेळाव्या लागल्या, दर तीन-चार दिवसांनी एक. टीम आधीपासून तळाला होती, खरंय, पण त्यांना वर यायची जी काही संधी होती ती तशा वेळापत्रकात राहिलीच नाही. गेले खाली. जो फुटबॉल खेळलाय त्याला माहितीये, दोन आठवडे घरात बसून लगेच तीन दिवसांनी एक मॅच म्हणजे हॅमस्ट्रिंग आणि ग्रॉइनची वाट लागणार. म्हणूनच तर 8 मे 2020 ला आयएफएबीने, म्हणजे फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, पाच सब्स्टिट्यूटची परवानगी दिली ना.

स्पेनच्या सेगुंडामध्ये, म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, तर शेवटच्या दिवशी गोंधळ झाला. 20 जुलैला सगळ्या मॅच एकाच वेळी असतात, कारण कोणाला दुसऱ्याचा निकाल बघून खेळता येऊ नये. फुएनलाब्राडाच्या टीममध्ये केसेस निघाल्या, त्यांची डेपोर्टिवोशी मॅच पुढे ढकलली, पण बाकीच्या मॅच मात्र खेळवल्या. त्या निकालांमुळे डेपोर्टिवो स्वतः न खेळताच रेलिगेट झाली. मॅच झाली 7 ऑगस्टला, डेपोर्टिवो 2-1 जिंकली, त्यांना त्याचा काही उपयोग नाही, पण फुएनलाब्राडा हरल्यामुळे एल्चे प्लेऑफमध्ये आली आणि पुढे त्या जागेवरून प्रमोशनपर्यंत गेली. शेवटचा राउंड एकत्र खेळवायचा नियम कशासाठी असतो ते या एका उदाहरणावरून कोणालाही कळेल.

आणि लांब कशाला जायचं, आपल्या नेरुळला डी. वाय. पाटीलवर काय झालं ते आठव. जानेवारी 2022, महिलांची एशियन कप. 20 तारखेला भारत-इराण 0-0. 23 ला चायनीज तैपेईशी मॅच, आणि कोविडमुळे आपल्याकडे नियमात लागतात तेवढे 13 खेळाडू उभे राहीनात. मॅच झाली नाही, भारत स्पर्धेबाहेर, आणि नियमाप्रमाणे भारताच्या झालेल्या मॅचही रद्दबातल. त्या मुलींचं जे झालं त्याचं दुःख आहेच, घरच्या मैदानावर, वर्ल्ड कपचं तिकीट समोर असताना. पण टेबल ठेवणारा माणूस म्हणून मला तेव्हा इराणचंही वाईट वाटलं, त्यांची ती पहिलीच एशियन कप, त्यांनी मैदानावर घाम गाळून भारताकडून मिळवलेला एक पॉइंट, तो कागदावरून गेला. तरीही मी त्या नियमाच्या बाजूने आहे. कारण तो स्पर्धा सुरू व्हायच्या आधी लिहिलेला होता. 13 खेळाडू नसतील तर काय, माघार झाली तर आधीच्या मॅचचं काय, सगळं आधीच कागदावर. त्या रात्री कोणाला बसून ठरवावं लागलं नाही की आता कोणाच्या फायद्याचं करूया.

आपल्या आय-लीगने खालच्या टीमचं काय केलं हेही सांगायला हवं, कारण ते लोक विसरतात. आय-लीगच्या सेकंड डिव्हिजनचा सीझन पण अर्धवट राहिला होता. तिथे टेबलवरून कोणालाही वर न घेता ऑक्टोबर 2020 मध्ये कोलकात्याला पाच टीमची छोटी क्वालिफायर स्पर्धा घेतली, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं, बायो-बबलमध्ये. मोहमेडन स्पोर्टिंग जिंकली आणि वर आली. चार मॅचमध्ये वर्षाचा निकाल, यावर कोणी म्हणेल की हे नशिबाचं झालं. थोडंफार असेलही. पण हरलेल्या चारही टीमला माहीत होतं की आपण मैदानावर हरलो. पुढच्या सीझनला आय-लीगने फॉरमॅटच बदलला, आधी सगळ्यांनी एकदा खेळायचं, मग टेबलचे दोन भाग, वरच्यांनी आपसात, खालच्यांनी आपसात. त्या वर्षी गोकुळम आणि चर्चिल दोघांचे 29 पॉइंट, गोकुळम आपसातल्या मॅचवर चॅम्पियन. आणि 2021-22 ला तर 26 डिसेंबरला सुरू झालेली लीग सहा मॅचनंतर बबलमध्ये केसेस निघाल्यामुळे बंद पडली, 3 मार्चला पुन्हा सुरू झाली, तरीही पूर्ण झाली, कारण फॉरमॅटच तसा होता, कमी दिवसांत मावणारा. मुंबईची केंक्रे ही टीम त्या सीझनला आय-लीगमध्ये होती, आपल्याकडच्या पोरांनी तो सीझन जवळून बघितलाय.

एक गोष्ट टेबलमध्ये कधीच दिसत नाही ती म्हणजे करार. सीझन 18 एप्रिलला संपला म्हणणं सोपं, पण खेळाडूचा करार मे अखेरपर्यंतचा असतो. कोलकात्यातल्या एका मोठ्या क्लबच्या खेळाडूंचे करार एप्रिललाच संपवले गेले, महामारीचं कलम दाखवून. फिफाने 7 एप्रिलला सांगितलं होतं की करार सीझन संपेपर्यंत वाढवावेत, पण जिथे सीझनच लवकर संपवला तिथे त्या सल्ल्याचा खेळाडूला काय उपयोग? बागान आणि ईस्ट बंगालचे स्पॅनिश खेळाडू आणि कोच तर मे महिन्याच्या सुरुवातीला कोलकात्याहून दिल्लीपर्यंत बसने गेले, कारण विमान फक्त तिथून मिळणार होतं. सेकंड टियरमध्ये खेळणाऱ्याला साठवलेले पैसे फार नसतात. आपल्याकडे नवी मुंबईत जी पोरं मुंबईच्या डिव्हिजनमध्ये खेळून, सकाळी टर्फवर कोचिंग करून घर चालवायची, त्यांचं दोन्ही बंद झालं, टर्फ बंद आणि लीग बंद. कमिटीने टेबलवर तासन्‌तास चर्चा करावी आणि रेफ्री, लाइनमन, ग्राउंडवर चुना मारणारा माणूस यांच्या झालेल्या मॅचचे पैसे मात्र राहून जावेत, असं मी एकापेक्षा जास्त ठिकाणी बघितलंय. म्हणून नियमात पहिली ओळ पैशाची लिही: झालेल्या मॅचचे ऑफिशियलचे पैसे सात दिवसांत, लीग थांबो की न थांबो.

आता तुझ्या लीगचं. आपल्याकडे महामारीच यावी लागते असं नाही, दरवर्षी जून येतोच. 10 टीम म्हणजे 45 मॅच, 9 राउंड, रविवारी 5 मॅच धरल्या तर नऊ रविवार. त्यात दहावी-बारावीच्या परीक्षा, गुढीपाडवा, ग्राउंडवर कोणाची तरी टेनिस क्रिकेटची टुर्नामेंट, एखादं लग्नाचं मांडवाचं बुकिंग, आणि बघता बघता मे संपतो आणि दोन राउंड उरतात. मग पहिला मोठा पाऊस आणि ग्राउंडची दलदल. त्यामुळे थांबलेल्या लीगचा नियम तुला दर वर्षी लागणार आहे असंच धरून चाल.

सगळ्यात आधी फिक्स्चर. एक राउंड पूर्ण झाल्याशिवाय पुढच्या राउंडची मॅच लावायची नाही. कोणी म्हणालं आमची तीन पोरं गावी गेलीत, पुढे ढकला, तर एका टीमला सीझनमध्ये एकच मॅच ढकलता येईल आणि ती दोन आठवड्यांच्या आत बुधवार-गुरुवारी लाइट असलेल्या टर्फवर खेळायची, नाही खेळली तर वॉकओव्हर. एवढं एक पाळलंस तर पीपीजीची गरजच अर्धी संपते, कारण सगळ्यांच्या मॅच सारख्याच झालेल्या राहतात. टेबलचे नव्वद टक्के वाद या ढकलाढकलीतून येतात, व्हायरस-पाऊस फक्त तो वाद उघडा करतात. बर्जर टेबल वापर, नेटवर मिळतं, त्यात कोणाशी कोणाची मॅच कधी हे आपोआप वाटलं जातं, आणि ड्रॉ सगळ्यांसमोर काढ.

मग थांबायची वेळ आली तर. निम्मे राउंड पूर्ण झाले नसतील, म्हणजे तुझ्याकडे पाच राउंड, तर चॅम्पियन नाही, एन्ट्री फीमधला न वापरलेला भाग परत किंवा पुढच्या वर्षीला वळता. पाच किंवा जास्त पूर्ण झाले असतील तर शेवटच्या पूर्ण राउंडपर्यंतचं टेबल धर, अर्धवट राउंडच्या मॅच मोजू नकोस, ज्याने ती अर्धवट राउंडची मॅच जिंकली तो चिडेल, चिडू दे, नियम आधीच सांगितलेला आहे. पहिल्या नंबरला कोणी गणिताने गाठू शकत नसेल तर तो चॅम्पियन, तिथे चर्चा नको. गाठू शकत असेल तर पहिल्या चारांची सेमी-फायनल एका शनिवार-रविवारी, पाऊस असला तर टर्फवर फाइव्ह-अ-साइड नको, त्याने खेळच बदलतो, थांब आणि ऑक्टोबरमध्ये घे, मोहमेडनचं झालं तसं.

तुझ्या लीगमध्ये दोन डिव्हिजन असतील किंवा पुढे करणार असशील तर अर्धवट टेबलवरून कोणालाही खाली पाठवू नकोस. वर घ्यायला हरकत नाही, टीम वाढतील, पुढच्या वर्षी 11 कर, एक टीम दर आठवड्याला बाय घेईल, म्हणजे त्या आठवड्यात खेळणार नाही, चालेल. वर घेणं आणि खाली पाठवणं यांना एकाच मापात मोजायचं नसतं. खाली पाठवणं ही शिक्षा आहे, आणि शिक्षा द्यायची तर टीमला पूर्ण सीझन मिळालेला असला पाहिजे. माझं हे मत सगळ्यांना पटत नाही, ठाण्यातले माझे एक जुने सहकारी म्हणतात की मग तळाच्या टीम मुद्दाम लीग थांबायची वाट बघतील. मला तसं होताना कधी दिसलं नाही.

टीम मध्येच निघून गेली तर काय हेही लिही. निम्म्याच्या आधी गेली तर तिच्या सगळ्या मॅच टेबलमधून काढ, नंतर गेली तर झालेल्या मॅच ठेव आणि उरलेल्या समोरच्या टीमला 3-0. किमान किती खेळाडू असले तर मॅच होणार ते लिही, कायद्यात 7 च्या खाली मॅच चालवता येत नाही हे तुला माहीत असेलच. यलो कार्ड आणि सस्पेन्शन, लीग थांबली तर पुढच्या सीझनला जातील की पुसले जातील, हे कोणी लिहीत नाही आणि मग पुढच्या वर्षी पहिल्याच मॅचला रेड कार्डवाला पोरगा शर्ट घालून उभा राहतो. माझं मत, यलो पुसायचे, रेडचं सस्पेन्शन पुढे न्यायचं.

निर्णय कोणी घ्यायचा. तिघांची कमिटी, आणि त्यात एकाही खेळणाऱ्या टीमचा माणूस नको. तुझ्याकडे सगळे कॉलनीतलेच आहेत, कोणाचा भाऊ कुठे तरी खेळतोच, म्हणून वाशी किंवा ऐरोलीच्या लीगमधला एखादा जुना रेफ्री घे, त्याला कोण जिंकलं त्याच्याशी घेणंदेणं नाही. आणि मत घ्यायचं असेल तर लीग सुरू व्हायच्या आधी घे, सगळ्यांचे पॉइंट शून्य असताना, तेव्हा बघ किती शांतपणे आणि किती शहाणपणाने तीच माणसं बोलतात.

हे सगळं दीड पानात बसतं, साध्या मराठीत लिही, वकिली भाषा नको. एन्ट्री फी घेतानाच प्रत्येक मॅनेजरला एक कॉपी दे, एका कॉपीवर सही घे, तारीख टाक, आणि त्याचा फोटो लीगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर पिन करून ठेव. फिक्स्चर त्यानंतर काढ. मसुदा झाला की मला पाठव, वॉकओव्हर आणि बायचा भाग मी बघून देतो, तिथेच बहुतेक कागद फसतात.